नाण्यांचा ऑनलाइन बाजार : आधी पाऊल कोणी टाकायचं?

२०१२ साली भारत सरकारने श्री माता वैष्णोदेवी श्राइन बोर्डाच्या नावाने पाच आणि दहा रुपयांची नाणी काढली. देवीची प्रतिमा असलेली ही नाणी चलनात आली आणि सुट्ट्या पैशांत अजूनही कधीमधी हाती लागतात. संग्राहकांच्या बाजारात त्यांना दर्शनी किमतीहून थोडा जास्त भाव मिळतो, एवढंच. तरीही 'या नाण्याचे दहा लाख मिळतील' अशा जाहिराती फेसबुकवर आणि यूट्यूबवर वर्षानुवर्षं फिरत आहेत. दिलेल्या नंबरवर फोन केला की पलीकडचा माणूस अदबीने बोलतो, नाण्याचे फोटो मागवतो, नाणं 'पास' झाल्याचं कळवतो आणि मग नोंदणी शुल्क मागतो. ते भरलं की रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्र येतं आणि पाठोपाठ जीएसटीची मागणी. मग वाहतुकीचा विमा. मग फाइल अडकली म्हणून आणखी काही हजार. नाणं घरातच असतं आणि विकणारा पैसे भरत राहतो.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी निवेदन काढून स्पष्ट केलं होतं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कोणतंही शुल्क वा कमिशन घेत नाही आणि तसं करायचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. पाच रुपयांच्या ट्रॅक्टरछाप नोटेची, ७८६ आकड्याच्या नोटेची, ईस्ट इंडिया कंपनीच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या राम दरबाराच्या नाण्याची जाहिरातही त्याच साच्यातली असते. नाण्यांची थोडी ओळख असलेला माणूस या सापळ्यात सहसा सापडत नाही. मुरलेला संग्राहक फसतो तो वेगळ्या ठिकाणी, आणि मला त्या ठिकाणाविषयी लिहायचं आहे.

ऑनलाइन व्यवहारात दोन अनोळखी माणसं असतात. एकाकडे नाणं, दुसऱ्याकडे पैसे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी उकिडवं बसून आपण नाणं उलटंपालटं करून पाहतो, कडेवरून नख फिरवतो, घासाघीस करतो आणि एका हाताने पैसे देताना दुसऱ्या हाताने नाणं घेतो. देणं आणि घेणं एका क्षणात उरकतं. सांगलीचा विक्रेता आणि ठाण्याचा खरेदीदार यांना ती सोय नाही. कोणातरी एकाला आधी पाऊल टाकावं लागतं : एकतर पैसे आधी जातात, नाहीतर नाणं. जो आधी पाऊल टाकतो, सगळी जोखीम त्याच्या अंगावर येते. नाण्यांच्या ऑनलाइन बाजारातल्या प्रत्येक मार्गाची पारख मी याच एका कसोटीवर करतो, आणि नव्या संग्राहकांनीही ती करावी असं मला कळकळीने वाटतं.

पूर्वी या अडचणीवर तोडगा नव्हता असं नाही. टपाल खात्याची व्ही.पी. हा असाच तोडगा होता. पोस्टमन पैसे घेतल्यावरच पार्सल हाती द्यायचा आणि ते पैसे विक्रेत्याला पोहोचते व्हायचे. मराठी पुस्तकं आणि मासिकं खेडोपाडी पोहोचली ती मोठ्या प्रमाणात याच वाटेने. त्यात डबा उघडून पाहायची मुभा नव्हती, पण पैसे घेऊन माणूस गायब होण्याची भीती तरी नव्हती. इंटरनेट आल्यावर २००० साली मुंबईत बाझी डॉट कॉम ही लिलावाची साइट सुरू झाली आणि २००४ मध्ये ती ईबेने विकत घेतली. ईबे इंडियावर 'पैसापे' नावाची सोय होती. खरेदीदाराचे पैसे थेट विक्रेत्याकडे न जाता आधी साइटकडे थांबत. पैसे जमा आहेत हे विक्रेत्याला दिसायचं, म्हणून तो बिनघोर माल पाठवायचा. माल आला नाही तर दाद मागायला जागा आहे हे खरेदीदाराला ठाऊक असायचं. महाराष्ट्रातल्या अनेक संग्राहकांनी आपले पहिले ऑनलाइन व्यवहार तिथे केले. ऑगस्ट २०१८ मध्ये ईबे इंडिया बंद झालं.

दरम्यान २०१६ मध्ये यूपीआय आलं होतं. पैसे पाठवणं एका क्षणाचं आणि फुकटचं झालं. त्याचे फायदे मला पूर्णपणे मान्य आहेत. पण दोघांच्या मधला जो थांबा होता तो गेला आणि हौशी माणसांसाठी त्याची जागा कशानेही भरून काढली नाही. आज बहुतेक खरेदी-विक्री फेसबुकच्या गटांत, व्हॉट्सॲपवर आणि ओएलएक्ससारख्या वर्गीकृत जाहिरातींच्या साइटवर होते. तिथे फक्त भेट घडते. पैसे आणि माल आपापल्या जबाबदारीवर जातात.

इथे कायदा मदतीला येईल असा अनेकांचा समज असतो. तो बराचसा चुकीचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० साली ई-कॉमर्सचे नियम आले. त्यांनी साइटवर तक्रार निवारण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करण्याचं बंधन घातलं. पण याच नियमांत सुरुवातीलाच म्हटलं आहे, की एखादी व्यक्ती वैयक्तिक पातळीवर, नियमित धंदा म्हणून नव्हे, असा व्यवहार करत असेल तर तिला हे नियम लागू नाहीत. म्हणजे कल्याणच्या निवृत्त शिक्षकाने आपल्याकडची जास्तीची चार नाणी विकली, तर त्याच्याविरुद्ध खरेदीदाराला या नियमांचा आधार नाही. दुकानदाराकडून घेतलं तर आहे. हौशी माणूस हौशी माणसाकडून घेतो तेव्हा दोघंही या छत्राबाहेर उभे असतात.

साइटचं काय? ती मध्यस्थ आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ प्रमाणे मध्यस्थाने योग्य ती काळजी घेतली असेल, तर दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. या कलमामागेही बाझीचाच इतिहास आहे. २००४ मध्ये एका वापरकर्त्याने तिथे आक्षेपार्ह चित्रफीत विकायला ठेवली, साइटच्या प्रमुखालाच अटक झाली आणि मध्यस्थाची जबाबदारी किती, हा वाद देशभर गाजला. पुढे २००८ च्या दुरुस्तीत मध्यस्थांना आजचं संरक्षण मिळालं. ते तत्त्वतः योग्यच आहे. पण त्याचा व्यवहारी अर्थ हा, की जाहिरातीतला रुपया खोटा निघाला म्हणून जाहिरात छापणाऱ्याकडून पैसे मिळत नाहीत.

मग उरतं काय? १९३० चा माल विक्री कायदा उरतो. वर्णन करून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे, हे त्याच्या कलम १५ मध्ये आहे. म्हणून चॅटमध्ये "१९३९, चांदी, अस्सल, खोटा निघाल्यास पैसे परत" एवढं एक वाक्य विक्रेत्याकडून लिहून घेणं मोलाचं असतं. फोनवरचा शब्द नंतर सिद्ध करता येत नाही. मुळातच फसवायचा हेतू असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, दुसऱ्याच्या नावाने ऑनलाइन फसवलं असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६डी. मात्र अडीच हजारांच्या नाण्यासाठी परगावच्या माणसावर दिवाणी दावा कोणी लावत नाही. फसवणाऱ्यांचा हिशेब नेमका यावरच चालतो. म्हणूनच व्यवहार आधी नीट बांधणं हा एकमेव भरवशाचा उपाय आहे.

आता मार्ग एकेक करून पाहू. ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस यांची खरी ताकद जवळच्या माणसाशी गाठ घालून देण्यात आहे. तुमच्याच शहरातला विक्रेता असेल तर भेटा, बँकेच्या शाखेत किंवा वर्दळीच्या उपाहारगृहात बसा, काटा आणि भिंग सोबत न्या. हा झाला मोबाइलवर भरलेला जुना बाजारच, आणि तो उत्तम आहे. पण त्याच साइटवर परगावचा माणूस "कुरियर करतो, निम्मे पैसे आधी टाका" म्हणाला की मी तिथेच थांबतो. जाहिरात टाकणारा कोण आहे, त्याने याआधी काय विकलं आहे, हे तिथे कळायला फारसा मार्ग नाही.

फेसबुक-व्हॉट्सॲपवरच्या संग्राहकांच्या गटांची गोष्ट वेगळी. तिथे माणसाला नाव असतं, जुन्या पोस्ट असतात, ॲडमिनला तो ठाऊक असतो. रात्री आठ ते दहा लिलाव चालतो, बेस प्राइस लावलेली असते, बोली वाढत जाते. चांगल्या गटांत नियम कडक असतात : खोटं नाणं सिद्ध झालं तर पैसे परत, टाळाटाळ केली तर गटातून बाहेर. इथे विश्वास हेच भांडवल आहे आणि बहुतेक जण ते जपतात. पण याच भांडवलावर चोरांचा डोळा असतो. नामवंत संग्राहकाचा फोटो आणि नाव उचलून हुबेहूब प्रोफाइल तयार केलं जातं, नव्या सदस्याला खासगी संदेश येतो, "लिलावात देणार होतो, तुम्हाला थेट देतो." म्हणून गटाबाहेर आलेल्या खासगी प्रस्तावावर पैसे टाकण्याआधी त्या माणसाला त्याच्या जुन्या, सर्वांना माहीत असलेल्या नंबरवर फोन करावा किंवा ॲडमिनला विचारावं. खरा विक्रेता यावर रागावत नाही, आणि रागावणाऱ्याकडून घेऊ नये.

यूपीआयने इथे एक चांगली सोय अलीकडेच केली आहे. २०२५ च्या मध्यापासून पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव ॲपमध्ये दाखवावं लागतं. विक्रेता स्वतःचं नाव एक सांगतो आणि पडद्यावर भलत्याच राज्यातल्या भलत्याच माणसाचं किंवा एखाद्या 'एंटरप्रायझेस'चं नाव येतं, तेव्हा "ते माझ्या मेव्हण्याचं खातं आहे" हे उत्तर स्वीकारू नका. फसवणुकीचे पैसे भाड्याने घेतलेल्या खात्यांतून फिरतात आणि तुमच्यासमोर दिसतं ते बहुधा तसंच एक खातं असतं.

तिसरा मार्ग परवानाधारक लिलावगृहांचा. मुंबईचे टोडीवाला, बंगळुरूचे मरुधर आर्ट्स, अहमदाबादची क्लासिकल न्युमिस्मॅटिक गॅलरी ही त्यांतली जुनी नावं, आणि आता त्यांच्या लिलावांत घरबसल्या बोली लावता येते. कॅटलॉगमध्ये वजन, धातू, टांकसाळ, ग्रेड छापलेली असते आणि नाण्याच्या अस्सलपणाची जबाबदारी नाव-पत्ता असलेल्या संस्थेवर असते. हातोडा पडलेल्या किमतीवर खरेदीदाराला कमिशन आणि कर वेगळा द्यावा लागतो, तो धरूनच बोली लावावी. अनेक जण हे कमिशन टाळायला थेट विक्रेत्याच्या मागे लागतात. माझ्या मते दहा-पंधरा हजारांच्या पुढच्या नाण्याला हे कमिशन म्हणजे जोखमीची किंमत आहे आणि ती द्यावी.

अमेरिकेच्या एनजीसी आणि पीसीजीएस या संस्था नाणं तपासून, ग्रेड देऊन प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घालतात. संग्राहक त्याला स्लॅब म्हणतात. डबीवरचा क्रमांक त्यांच्या साइटवर तपासता येतो. पण क्रमांक जुळला म्हणून समाधान मानू नये. खोट्या स्लॅबवर खऱ्याच नाण्याचा क्रमांक छापलेला असतो. साइटवर त्या नाण्याचा फोटो असेल, तर एखादा ओरखडा किंवा डाग धरून हातातल्या नाण्याशी ताडून पाहावं.

इथे वस्तूकडे वळलं पाहिजे, कारण माणूस सच्चा असला तरी नाणं खोटं असू शकतं आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया घ्या. तो दुर्मीळ आहे, भाव मोठा आहे, म्हणून शेवटचा आकडा कोरून इतर सालांच्या रुपयांना १९३९ केलं जातं. फोटोत ते बेमालूम दिसतं. पण १९३९ पर्यंतच्या रुपयाची कड साधी दातेरी आहे आणि त्यात ९१.७ टक्के चांदी आहे. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि नक्कल रोखायला कडेच्या दात्यांमध्ये खोबण असलेली सुरक्षा-कड आली. तेव्हा कोणी १९३९ चा रुपया दाखवला की मी आधी राजाचा चेहरा पाहत नाही, कडेचा फोटो मागतो. सुरक्षा-कड दिसली की विषय संपला. कडेचा फोटो पाठवायला तीन दिवस लावणाऱ्याशी पुढे बोलायची गरज नाही.

राणीछाप रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. झिजलेला असेल तर थोडं कमी भरतं. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा छोटा काटा काही शे रुपयांत मिळतो. वजन जुळवून केलेली नक्कलही असते, पण पाण्यात ती उघडी पडते. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि बारीक दोऱ्याला टांगलेलं नाणं तळाला न टेकवता पाण्यात बुडवायचं. या चांदीच्या अखंड रुपयाला काटा साधारण १.१३ ग्रॅम दाखवतो. तांबं-निकेलच्या त्याच वजनाच्या नकलेला १.३ च्या आसपास दाखवतो. नाण्याला ओरखडाही येत नाही. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, त्याला लोहचुंबक चिकटतंच, म्हणून 'चांदीचा १९४७' विकणारा एकतर अजाण आहे किंवा लबाड. राम दरबार, हनुमान यांची चित्रं आणि १८१८, १७१७ अशी सालं असलेली कंपनीची म्हणवणारी नाणी कंपनीने कधी पाडलीच नाहीत. 'तांदूळ ओढणारं नाणं' म्हणून यांच्यासाठी लाखांचे सौदे ठरवले जातात आणि घरंदारं बुडतात. शिवरायांच्या सोन्याच्या होनाबद्दल तर मराठी माणसाचं मन लगेच भरून येतं. तेवढ्यासाठीच सांगतो : अस्सल होन अत्यंत दुर्मीळ आहे आणि बाजारात दिसतात त्या जवळजवळ सगळ्या प्रतिकृती. तांब्याची शिवराई मात्र अजून आवाक्यात आहे, तिच्यावरचं 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' वाचायला शिकावं आणि मनाचं समाधान त्यात करावं.

फोटोंविषयी एवढंच, की विक्रेत्याला आजची तारीख आणि तुमचं नाव लिहिलेल्या चिठ्ठीवर नाणं ठेवून नवा फोटो काढायला सांगा. फसवणाऱ्याकडे नाणं नसतं, लिलावाच्या कॅटलॉगमधून उचललेला फोटो असतो. गुगल लेन्सवर तो टाकला तरी बहुतेक वेळा मूळ ठिकाण सापडतं.

आता विकणाऱ्याची बाजू. ती कमी लिहिली जाते. आजी गेल्यावर डब्यात पंधरा-वीस राणीछाप रुपये सापडतात, मुलगा फोटो टाकतो आणि तासाभरात पाच जण "सगळे घेतो, पाचशेला एक" म्हणून धावतात. विकण्याआधी धातूचा हिशेब करावा. ९१.७ टक्क्यांच्या रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते, सहाव्या जॉर्जच्या १९४० पासूनच्या चांदीच्या रुपयात ५.८३. त्या दिवशीच्या चांदीच्या दराने गुणलं की तळाची किंमत कळते. त्याच्या खाली कोणी मागत असेल तर तो संग्राहक नव्हे. मग प्रत्येकाचं साल आणि टांकसाळीची खूण पाहावी, कारण वीस सामान्य रुपयांत एखादा विरळा असू शकतो. आणि कृपा करून ते घासू नयेत. लक्ष्मीपूजनासाठी चिंचेने किंवा पितांबरीने लख्ख केलेल्या नाण्याचा संग्राहकी भाव तिथेच उतरतो. जुन्या चांदीवरची काळपट झाक हीच तिच्या वयाची साक्ष असते.

विकणाऱ्याला लुबाडायची ठरलेली रीत अशी : खरेदीदार भाव न करता लगेच तयार होतो, आपण सैन्यात आहोत किंवा सीआयएसएफमध्ये आहोत असं सांगतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो आणि पैसे 'मिळवण्यासाठी' क्यूआर कोड स्कॅन करायला लावतो. पैसे घ्यायला कधीच पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे तुम्ही पैसे दिले. दोन व्यक्तींमधली पैसे मागण्याची कलेक्ट रिक्वेस्ट १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर बंद झाली आहे, त्यामुळे ती एक वाट बुजली. क्यूआरची वाट अजून उघडी आहे. दुसरी रीत खोट्या स्क्रीनशॉटची, तिसरी 'चुकून दहापट गेले, उरलेले परत करा' म्हणणाऱ्या बनावट एसएमएसची. या दोन्हींवर एकच उत्तर : संदेश पाहायचा नाही, स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहायची. आणि 'कुरियरचं ॲप' म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल कोणत्याही कारणाने उघडायची नाही.

पाठवणीची रीत मात्र थोडी सविस्तर सांगतो, कारण निम्मे वाद तिथेच होतात. अनेक कुरियर कंपन्या आपल्या अटींत चलन आणि मौल्यवान धातू घ्यायला नकार देतात. पार्सल हरवलं तर त्या अटींकडे बोट दाखवलं जातं. टपालाने विमा उतरवून पाठवणं मला अधिक ठीक वाटतं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे आणि ओटीपी सांगितल्यावरच पार्सल हाती देण्याची सोयही तिथे घेता येते. पॅकिंग करताना सलग, न थांबवता व्हिडिओ काढावा : काट्यावर नाणं, वजनाचा आकडा, दोन्ही बाजू, कड, मग फ्लिपमध्ये म्हणजे पारदर्शक पिशवीत, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये चिकटपट्टीने घट्ट, मग पाकीट बंद, मग पत्ता. नाणं पाकिटात खुळखुळलं तर आत काय आहे ते वाटेतल्या सगळ्यांना कळतं. स्पीड पोस्टच्या पावतीवर पाकिटाचं वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. तो आकडा खरेदीदाराला कळवावा. पाकीट हाती आल्यावर त्याने फोडण्याआधी ते काट्यावर ठेवावं आणि फोडतानाही असाच सलग व्हिडिओ काढावा. 'डब्यात वॉशर निघाले' आणि 'मी नाणंच पाठवलं होतं' हा वाद या दोन व्हिडिओंनी आणि एका पावतीने मिटतो.

आधी पाऊल कोणी टाकायचं, यावर दोन हौशी माणसांसाठी मला एकच व्यवहारी वाट दिसते : व्यवहार लहान ठेवणं. पहिल्यांदा भेटलेल्या विक्रेत्याकडून तीन-चारशेचं नाणं घ्यावं. ते नीट आलं, वर्णनाप्रमाणे निघालं, तर दोन हजारांचं. बारा हजारांच्या लॉटचे तीन भाग करावेत आणि एक हाती आल्यावर दुसऱ्याचे पैसे टाकावेत. टपालखर्च वाढतो हे खरं. पण कोणत्याही क्षणी बुडण्यासारखी रक्कम तेवढीच राहते जेवढी आपल्याला सोसते. घाई करणारा विक्रेता याला तयार होत नाही.

नाण्यांना त्यांचे स्वतःचे कायदेही आहेत आणि प्रामाणिक संग्राहक अनेकदा त्यांत अडकतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं. ते धंदा म्हणून विकायला परवाना लागतो आणि देशाबाहेर पाठवायला खासगी व्यक्तीला पूर्ण बंदी आहे. शिक्षा किमान सहा महिन्यांच्या कैदेची, तीन वर्षांपर्यंत जाऊ शकणारी. ही मर्यादा दरवर्षी पुढे सरकते. हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून गाजलेला पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया केव्हाच तिच्यात गेला. न्यू जर्सीच्या भाच्याला प्रेमाने शिवराई पोस्टाने पाठवणारा मामा आणि परदेशी साइटवर राणीछाप रुपया विकणारा विद्यार्थी, दोघंही नकळत गुन्हा करतात. शेतात नांगरताना सापडलेली नाणी १८७८ च्या कायद्याखाली येतात : दहा रुपयांहून अधिक मोलाचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. 'हंड्यात सापडली' असं कौतुकाने सांगणाऱ्या विक्रेत्याकडून नाणं घेणं म्हणजे त्याची अडचण आपल्या घरी आणणं, कारण चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हा आहे. आणि २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा संग्रहासाठीही पंचवीसहून अधिक बाळगता येत नाहीत, २०१७ च्या कायद्यात ते स्पष्ट आहे. त्यांची बंडलं विकणाऱ्या जाहिरातींना हातही लावू नये.

एवढं करूनही कोणी फसलं, तर पहिला फोन १९३० या क्रमांकावर, पहिल्या तासाभरात. तिथून बँकेला सूचना जाते आणि पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले जाऊ शकतात. उशीर झाला की ते चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघालेले असतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर चॅट, यूपीआय क्रमांक, प्रोफाइलची लिंक जोडून तक्रार नोंदवावी, आणि आपल्या बँकेलाही लेखी कळवावं. स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे बँक सहसा भरून देत नाही, म्हणून सगळी भिस्त वेगावर आहे. लाजेपोटी गप्प बसणाऱ्यांची संख्या फार आहे. इतकी वर्षं नाणी जमवली आणि आपणच फसलो, हे सांगायला जड जातं. पण आठशे रुपयांची तक्रारही करावी, कारण त्याच खात्याविरुद्ध दुसऱ्या गावातून आलेल्या तक्रारी एकत्र झाल्या की तपासाला धागा मिळतो.

शेवटी एक विनंती, आपल्या शहरांतल्या संग्राहक मंडळांना. पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात, नागपुरात संग्राहक भेटतात, प्रदर्शनं भरतात. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, जाणकार आपल्याच राज्यात आहेत. अशा प्रत्येक बैठकीत एक टेबल मांडावं : काटा, भिंग, लोहचुंबक, पाण्याची वाटी आणि दोन अनुभवी माणसं. सभासदांनी ऑनलाइन ठरवलेलं नाणं तिथे यावं, पैसे मंडळाच्या विश्वासू माणसाकडे थांबावेत, तपासणी झाल्यावर दोन्ही आपापल्या वाटेने जावेत. दोन मंडळांनी आपसांत ठरवलं तर सांगली-ठाण्याचा व्यवहारही असा होऊ शकतो. याला ना नवा कायदा लागतो, ना ॲप. तुम्ही एखाद्या मंडळाचे सभासद असाल तर पुढच्या बैठकीत हा विषय मांडा.